तातडीचं

घर पाहावं बांधून, म्हणतात.
मी पाहतो खालून.
पाठीवर सरपटत, कपाळावर दिवा बांधून,
तीस वर्षं बॅलरॅटच्या फळ्यांखाली,
मेलेल्या पोसमच्या आणि गंजलेल्या पाइपांच्या संगतीत.
वर कुणी कितीही गालिचे अंथरोत,
घर खरं बोलतं ते पोटाकडून.

फोन आला शनिवारी, रात्री पावणेदहाला.
जुलै. गाडीच्या काचेवर हिमाची साय.
"मी आकूवी आमेगा. गरम पाण्याची टाकी फुटलीय.
पाणी मीटरच्या पेटीकडे चाललंय.
एजंटला तीन फोन केले, दोन मेसेज, एक ईमेल.
त्यांची टेप म्हणते, सोमवारी नऊला."
आणि मग एका दमात, पाठ केल्यासारखं,
"ही तातडीची दुरुस्ती आहे. कायद्यात तसं लिहिलंय.
मी तुम्हाला बोलावू शकते.
आधी पैसे माझे, नंतर त्यांनी द्यायचे."

गेलो.
पोरगा टेबलावर, पाय वर घेऊन बसलेला.
"खाली समुद्र आहे," मला म्हणाला, "तू बुडालास."
त्याला तो खेळच वाटू द्यायचा
असं तिनं ठरवलं असावं.
ती वृद्धाश्रमाच्या गणवेशात, टॉवेल पिळत.
मुख्य नळ मी बंद केला
तशी घरभर एक विचित्र शांतता झाली,
खूप वेळ रडलेलं मूल झोपावं तशी.

फ्रीजला दोरीनं वही टांगलेली.
४ मार्च. ठिबकते. फोन केला. बघते म्हणाल्या.
१९ एप्रिल. ठिबकते. भांडं लावलं.
२ जून. भांडं मोठं लावलं.
२ जून, संध्याकाळ. परत फोन. नाव विचारलं, पुन्हा.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं,
"भाडं वाढवतील, काढतील म्हणून?"
"वाटते ना," ती म्हणाली.
"म्हणून तर तारीख लिहिते."

रविवारी नवी टाकी बसवली.
बिलावर मी एरवी दोनच शब्द लिहितो, टाकी बदलली.
ती म्हणाली, "का फुटली तेही लिहा."
लिहिलं: तळ गंजलेला. वर्षापूर्वीच बदलायला हवी होती.
"आणि तुमचं नाव. वाचता येईल असं."
डेस ट्रेविन, मी शाळेतल्यासारखं गिरवलं.
उघड्या नळाखाली पोराची बोटं,
वाफ बघून त्याचा चेहरा
कुठल्या कलमात बसेल, माहीत नाही.

आता माझं सांगतो.
माझ्या न्हाणीघराच्या छताला ऑक्टोबरपासून ओल.
आधी नाण्याएवढी, मग बशीएवढी,
मग मी मोजणं सोडलं.
कडेनं काळी बुरशी. शेरिल रात्री खोकते.
छपरावर चढायला मला दहा मिनिटं पुरतील,
पण छप्पर माझं नाही.
मालक भला माणूस. नाताळला वाइनची बाटली आणतो,
गुडघ्याची चौकशी करतो.
भल्या माणसाला कसं लिहायचं?
ओल आणि ओलावा यांत
नऊ महिने मी गफलत केली.
साऱ्या गावासाठी मी तातडीचा,
आणि माझं सगळं सावकाश.

रविवारी रात्री बिलबुक काढलं.
एका बिलाच्या कोऱ्या पाठीवर
तारीख टाकली.
वेळ टाकली, एक वाजून दहा.
'प्रिय' लिहिलं. खोडलं.
पुन्हा लिहिलं, भांडण थोडंच आहे.
आतून शेरिल खोकली.
तेही लिहिलं.